तळटीप तीन

चौदा देशांचं ते मंडळ होतं, आणि चौदा देशांना एका टेबलाभोवती बसवून एकदम 'हो' म्हणायला लावणं म्हणजे तराजूत बेडूक तोलणं. एक बसवावा तर दुसरा उडी मारतो. म्हणून त्यांनी फार वर्षांपूर्वी एक सोय काढली होती. मसुदा सगळ्यांना पाठवायचा, एक वेळ ठरवून द्यायची, आणि त्या वेळेपर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर सगळ्यांची संमती धरायची. याला ते 'मौन' म्हणत. मौन सुरू झालं, मौन पार पडलं, असं अगदी गाडी सुटल्यासारखं बोलत. एखाद्याला मसुदा मान्य नसेल तर त्याने मौन मोडायचं. ते मोडलं की मसुदा पुन्हा टेबलावर, पुन्हा महिनाभर घासाघीस. त्यामुळे मोडणाऱ्याकडे उरलेले तेरा जण ऐन वेळी शिंकणाऱ्या माणसाकडे पाहावं तसे पाहत.

गुरुवारी दुपारी चारला निर्वासितांच्या परतीच्या कराराचा मसुदा आला. मौनाची मुदत होती शुक्रवार, दुपारी बारा.

ती त्या वेळी आपल्या देशाच्या शिष्टमंडळाची प्रभारी होती. मोठे साहेब मोतीबिंदू काढायला गेले होते आणि डोळ्यावर हिरवी पट्टी लावून घरी पडून होते. "तू आहेस म्हणून मी निवांत आंधळा होतोय," असं ते जाताना म्हणाले होते. तिने मसुदा उघडला, सवयीप्रमाणे आधीच्या मसुद्याशेजारी ठेवला आणि पेन्सिल घेऊन ओळीला ओळ लावत वाचायला बसली. सातव्या परिच्छेदात पेन्सिल थांबली. आधी लिहिलेलं होतं, 'छावणीतील निर्वासितांची स्वेच्छेने परत पाठवणी'. आता होतं, 'छावणीतील निर्वासितांची परत पाठवणी'.

एक शब्द गेला होता. बाकीची अकरा पानं तशीच होती, स्वल्पविरामासकट.

तिने खिडकी उघडली. समोर दुसऱ्या इमारतीची मागची बाजू, लोखंडी जिना, जिन्यावर सिगारेट ओढणारा एक सुरक्षारक्षक. तिने खिडकी पुन्हा लावली.

तो शब्द तिच्या ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नव्हे, गेल्या वसंतात तिनेच तो घालून घेतला होता, नऊ बैठका घासून. आणि त्या शब्दाच्या भरवशावर नदीच्या अलीकडे, शेजारच्या देशातल्या छावणीत, पत्र्याच्या एका खोलीत, एक बाई आपल्या सात वर्षांच्या नातीला घेऊन बसली होती.

त्या बाईला ती मास्तरीणबाई म्हणायची. नदीपलीकडच्या देशात तिची दुसरी नेमणूक झाली तेव्हा मास्तरीणबाई दूतावासात दुभाषी होत्या. आधी शाळेत भाषा शिकवायच्या, म्हणून ते नाव. तिची भाषा त्या पुस्तकांवरून शिकल्या होत्या आणि त्यातले नातेशब्द त्यांना फार आवडायचे. आत्या वेगळी, मावशी वेगळी, मामी वेगळी, याचं त्यांना कोण कौतुक. "तुमच्याकडे माणूस हरवायचा नाही, प्रत्येकाला खुंटी आहे," म्हणायच्या. वयाने चार वर्षांनी मोठ्या असूनही त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात 'ताई' करून टाकलं.

एकदा रस्त्यावर हत्यारबंद लोकांनी त्यांची मोटार अडवली. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, डोकं तापट होतं. त्यातल्या पुढाऱ्याने तिच्या पिशवीत हात घातला तेव्हा ती ओरडली, "तुला आईने वळण लावलं नाही का रे?" त्याने मास्तरीणबाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्या विचारताहेत, तुमची आई बरी आहे ना?" तो माणूस गडबडला. आईला दमा आहे म्हणाला. पाच मिनिटं दम्यावर बोलणं झालं आणि मोटार सुटली. वळणापलीकडे गेल्यावर मास्तरीणबाईंनी तिच्या हातावर सणसणीत चापट मारली. "ताई, पुढच्या वेळी तुमच्या शिव्या घरी ठेवून या. मला दर वेळी सुचेलच असं नाही."

परक्यांची दुभाषी म्हणून पुढे त्यांचं नाव पकडायच्या माणसांच्या यादीत गेलं. गेल्या वर्षी त्या घरी नसताना लोक आले, त्या नाहीत म्हणून मुलीला घेऊन गेले. मुलगी परतली नाही. बाई नातीचा हात धरून नदी उतरल्या. आता तिसऱ्या एका देशाने त्यांना आणि नातीला घ्यायचं कबूल केलं होतं. मुलाखत होती महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला. अठ्ठावीसपर्यंत छावणीत राहायला मिळालं की झालं.

"राहू देतील ना?" त्यांनी फोनवर विचारलं होतं.

"करारात 'स्वेच्छेने' शब्द आहे. तो आहे तोवर तुम्हाला कुणी दंडाला धरून बसमध्ये बसवू शकत नाही. तुम्ही 'नको' म्हणायचं, की ते थांबणार."

"आणि तो शब्दच काढला तर?"

"मी आहे ना इथे," ती म्हणाली होती.

सव्वापाचला राजधानीतून फोन आला. मंत्रालयात हा विषय सांभाळणारा अधिकारी तिच्याच तुकडीतला होता. तीस वर्षांपूर्वी दोघांनी एका बाकावर बसून सेवेतल्या शिष्टाचाराचे धडे घोकले होते, त्यामुळे त्याच्या बोलण्यात शिष्टाचार अजिबात नसे.

"वाचलास?"

"वाचला. सातव्यात शब्द उडवलाय."

"माहितीये. आपल्याला चालतंय."

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

"अगं, वरती. पुढच्या महिन्यात नदीपलीकडच्यांशी बंदराचं बोलणं आहे. छावणी रिकामी झाली की तेही खूश, शेजारीही खूश. आपण कशाला मध्ये पडायचं? सूचना लेखी येईलच, पण तोंडी ऐकून ठेव. मौन मोडायचं नाही."

तिने सातव्या परिच्छेदावर पेन्सिल आडवी ठेवली.

"आणि एक," त्याने आवाज उतरवला. "राजदूतांची यादी मंत्र्यांच्या टेबलावर आहे. तुझं नाव आहे, चौथं. या वेळी कुणी काट मारेल असं वाटत नाही. समुद्रकाठचा देश, छोटा आहे पण झेंडा लावलेली गाडी मिळेल. दोन वेळा हुकलंय तुझं. आता उगाच हाताने पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस, एवढंच मित्र म्हणून."

"तिथे माझ्या ओळखीची बाई आहे. छावणीत."

"मला माहितीये. तूच सांगितलं होतंस, ती दम्याची गोष्ट. सहाशे माणसं आहेत तिथे. प्रत्येकजण कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचाच असतो गं."

रात्री तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. सकाळी चहाच्या वेळी सांगितलं.

नवरा दातांचा डॉक्टर होता. नऊ बदल्यांत त्याने पाच ठिकाणी दवाखाना थाटला आणि पाच ठिकाणी मोडला. उरलेल्या चार ठिकाणी परवानगीच मिळाली नाही, तेव्हा तो दूतावासातल्या शिपाई-ड्रायव्हरांचे दात फुकट तपासायचा आणि समारंभात 'सौभाग्यवती' म्हणून स्वतःची ओळख करून द्यायचा. लोक हसायचे. तीही हसायची, पण पुढे पुढे तिला त्या विनोदाची भीती वाटू लागली होती, कारण तो सांगताना तो स्वतः हसेनासा झाला होता.

त्याने सगळं ऐकलं. पावावर लोणी लावणं थांबवलं नाही.

"मोडलंस तर काय होईल?"

"यादीतून नाव जाईल. वरच्यांची सूचना डावलली म्हणून खुलासा मागतील. मग दोन वर्षं कुठल्यातरी कोपऱ्यात प्रशिक्षण संस्थेत बसवतील, निवृत्तीपर्यंत."

"आणि नाही मोडलंस तर?"

तिने चहाचा कप बाजूला सारला.

"मला झेंड्याच्या गाडीत बसायची हौस नाही," तो म्हणाला. "खरं सांगू? मला तर घरीच जायचंय. पण ते सोड, ते माझं झालं. तुला एकच सांगतो. दात काढायचा असेल तर मुळासकट काढावा. नुसता हलवून ठेवला की पेशंट मरतो दुखून, आणि डॉक्टर म्हणतो, मी हात लावला होता."

"तुझं आपलं सगळं दातांवर."

"मग कशावर? मला दुसरं येतंय काय!"

ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत आला. असं तो सहसा करत नसे. "मोड," तो म्हणाला. एवढंच.

कार्यालयात तिला 'इस्त्री' म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं, आणि मनातून ते आवडतही होतं. कुठल्याही देशाचं कसलंही वाकडंतिकडं वाक्य तिच्याकडे द्यावं, तिने गरम हात फिरवला की त्याची एक सुरकुती राहत नसे. 'तुम्ही खोटं बोलता' याचं ती 'आमच्याकडील माहिती काहीशी वेगळी आहे' करायची. 'हे आम्हाला कधीही मान्य नाही' याचं 'या टप्प्यावर पुढे जाणं अवघड दिसतं'. भांडायला आलेली माणसं तिची वाक्यं वाचून बुचकळ्यात पडत आणि सही करून जात.

ही कला तिला नोकरीआधीपासून अवगत होती. निवडीच्या मुलाखतीला पाच पुरुष बसले होते. त्यातल्या एकाने विचारलं, "लग्न झाल्यावर नवरा बदलीच्या गावी येणार का?" हे मुलांनाही विचारता का, असं तिच्या जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "योग्य वेळी योग्य तो निर्णय घेऊ." पाचही जणांनी माना डोलावल्या. तिला नोकरी लागली. मग पहिल्या नेमणुकीत तिला मेजवानीच्या टेबलावर कोण कुठे बसणार याच्या चिठ्ठ्या लिहायला दिल्या, तिच्या तुकडीतल्या मुलांना करार वाचायला दिले. ती काही बोलली नाही. तिने त्या चिठ्ठ्या इतक्या अचूक लिहिल्या की दोन भांडलेले मंत्री शेजारी बसून समेट करून उठले, आणि मग तिलाही करार मिळू लागले. बोलून काय मिळालं असतं? न बोलून हे मिळालं. तिचा हिशेब असा साधा होता आणि तीस वर्षं तो बरोबर येत गेला. एकदाच ती रस्त्यात मोटारीत ओरडली होती, आणि तेव्हाही दुसऱ्या कुणीतरी ते सावरून घेतलं होतं.

साडेदहाला तिने दार लावून घेतलं. सूचना लेखी येऊन पडली होती. 'मौन पाळावे.' दोनच शब्द, खाली सही. मोबाईलवर मास्तरीणबाईंचा निरोप होता. 'ताई, इथे लोक काहीबाही बोलताहेत. शब्द आहे ना अजून?'

तिने कोरं पान उघडलं आणि लिहिलं:

'सातव्या परिच्छेदातून स्वेच्छेने हा शब्द काढणं आम्हाला मान्य नाही. आम्ही मौन मोडत आहोत.'

दोन वाक्यं. पुरेशी होती. मोडण्याला याहून जास्त लागत नाही. तिने ती पाहिली आणि तिला कसंसंच झालं, बाहेरच्या माणसांसमोर घरातल्या कपड्यांत उभं राहिल्यासारखं. 'मान्य नाही' फार उघडं दिसत होतं. तिने ते बदलून 'मान्य करणं कठीण आहे' केलं. मग वाटलं, सुरुवातीला अध्यक्षांच्या मेहनतीबद्दल दोन शब्द हवेत, नाहीतर ते दुखावतील आणि दुखावलेला अध्यक्ष काय कामाचा. ते घातले. आता पुढचं वाक्य तोकडं वाटू लागलं. 'मौन मोडत आहोत' हे तर या सगळ्या आदरानंतर थोबाडीत मारल्यासारखंच ऐकू येत होतं. आणि राजधानीचं काय? तिथे हे वाचलं जाणारच. तिथल्यांनाही त्यात काही आधार सापडला पाहिजे, म्हणजे खुलासा द्यायची वेळ आली तर म्हणता येईल की सूचना अगदी डावलली नाही. ती लिहीत गेली, खोडत गेली. तिचा हात सराईत होता. एकदा सुरू झाला की तो तिचं ऐकत नसे.

अकरा चाळीसला वाक्य असं झालं होतं:

'अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांचं मनःपूर्वक कौतुक करून, आणि सर्वसंमतीच्या भावनेचा पूर्ण आदर राखून, सातव्या परिच्छेदातील बदलाबाबत आमचं शिष्टमंडळ आपली भूमिका राखून ठेवत आहे.'

सुंदर वाक्य होतं. तिने ते धाडून दिलं आणि खुर्चीत मागे रेलली. केलं आपण, असं तिला वाटलं. अगदी खरं वाटलं. वरच्यांच्या सूचनेविरुद्ध तिने आजवर एक ओळही लिहिली नव्हती. आज लिहिली. अध्यक्ष जाणता माणूस आहे, तो समजून घेईल की या ओळीचा अर्थ काय. तिने मास्तरीणबाईंना निरोप पाठवला, 'मी हरकत घेतली आहे. काळजी करू नका.'

अकरा त्रेपन्नला टेबलावरचा फोन वाजला. सचिवालयातला मौनाचा कारकून होता. हेच त्याचं काम, मौनाच्या मुदती सांभाळणं. वीस वर्षं तो तेच करत होता आणि नियमाबाहेर एक पाऊल टाकत नसे. त्याची बायको घरी कुरकुरली तरी हा म्हणत असेल लेखी द्या, अशी त्याची थट्टा होत असे.

"मॅडम, तुमची ओळ मिळाली. एक विचारायचं होतं. हे मौन मोडणं समजू की तळटीप?"

"म्हणजे?"

"'मौन मोडत आहोत' असा शब्द कुठे दिसला नाही. 'भूमिका राखून ठेवत आहोत' म्हटलंय. नियमाप्रमाणे ती तळटीप होते. मसुदा मंजूर, खाली बारीक अक्षरात तुमचं वाक्य. तुम्हाला तर माहितीच आहे, नवीन मुलांना तुम्हीच शिकवता हे."

माहीत होतं. दर वर्षी सप्टेंबरात ती नव्या अधिकाऱ्यांपुढे फळ्यावर दोन रकाने आखायची. डावीकडे मोडण्याचे शब्द, उजवीकडे राखण्याचे. 'इथे घोटाळा केलात,' ती त्यांना सांगायची, 'तर देश हो म्हणून बसेल आणि तुम्हाला वाटेल की आपण नाही म्हणालो.' मुलं हसायची. असा घोटाळा कोण करेल?

"मॅडम?" कारकून म्हणाला. "सात मिनिटं आहेत म्हणून विचारलं. मोडायचं असेल तर तोंडी सांगितलंत तरी मी लिहून घेतो, लेखी मागाहून पाठवा. नियमात बसतं ते."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. आजवर त्याने कुणाला असं विचारल्याचं तिने ऐकलं नव्हतं. तळटीप तर तळटीप, तो लिहून मोकळा होत असे. आज त्याने आपणहून फोन केला होता. शब्द कुठला गेलाय ते त्यानेही वाचलं असणार.

फक्त 'हो' म्हणायचं होतं. मोडायचं आहे, लिहून घ्या.

तिने समोर पाहिलं. टेबलावर लेखी सूचना होती. यादीतलं चौथं नाव तिला दिसत नव्हतं, पण कसं लिहिलं असेल ते दिसत होतं. दोन वेळा हुकलेलं. नऊ बदल्या, पाच मोडलेले दवाखाने, मेजवानीच्या चिठ्ठ्या, आणि त्या सगळ्याच्या शेवटी ते नाव. तिने तोंड उघडलं.

"जे लिहिलंय ते लिहिलंय," ती म्हणाली.

"म्हणजे मोडायचं का?"

ती बोलली नाही. फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. तो थांबला, बराच वेळ थांबला. तिच्या घड्याळात अकरा पंचावन्न झाले, छप्पन्न झाले.

"मॅडम, ऐकताय ना?"

ती ऐकत होती.

"बरं," कारकून म्हणाला. "मग तळटीप." आणि त्याने हलकेच फोन ठेवला.

बारा वाजले. मौन पार पडलं.

दुपारी राजधानीतून मित्राचा फोन आला, तो खिदळतच होता. "अगं, काय वाक्य आहे! मंत्र्यांनी दोनदा वाचलं. मोडलं पण नाही, आणि उद्या कुणी वर्तमानपत्रवाल्याने विचारलं तर दाखवायला तळटीप तीन आहेच. सापही मेला नाही, काठीही तुटली नाही, आणि दोघांनाही वाटतंय आपण जिंकलो. तुझ्यासारखी तूच." मोठ्या साहेबांनी हिरव्या पट्टीखालून अभिनंदन केलं. "मी म्हटलं नव्हतं, तू आहेस म्हणून मी निवांत आहे?"

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं आणि भुवया उंचावल्या.

"घेतली हरकत," ती म्हणाली.

"मोडलंस?"

"हो."

त्याने तिला जवळ घेतलं. अनेक वर्षांत असं घेतलं नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले आणि त्याच्या सदऱ्याला येणारा लवंगेच्या तेलाचा वास घेत उभी राहिली. त्या आठवड्यात तो खूप बोलत होता. घरी गेल्यावर दवाखाना कुठे काढायचा, कुठली खुर्ची घ्यायची. तिने त्याला बोलू दिलं.

बावीस तारखेला नेमणुकीची बातमी आली; घरी तिने ती सांगितली नाही. समुद्रकाठच्या देशाला तिच्याविषयी एकपानी माहिती पाठवायची होती. त्यांनी ती वाचून होकार कळवला की मग नेमणूक जाहीर होणार. हे पान ज्याचं त्यानेच लिहायचं असतं. दुपारी तीनच्या सुमाराला ती ते लिहीत होती. शिक्षण, नेमणुका, हाताळलेले विषय. 'निर्वासितांच्या प्रश्नाचा विशेष अनुभव' असं लिहून ती थबकली होती, तेवढ्यात मोबाईल वाजला.

मागे गाड्यांचा आवाज होता, माणसांचा होता, कुणीतरी कर्ण्यावरून आकडे पुकारत होतं.

"ताई, मी बोलतेय."

"मास्तरीणबाई? कुठे आहात?"

"फाटकापाशी. सात बस आल्यात. आमचा आकडा पाचव्या बसचा आहे." त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेताना असावा तसा होता. "सकाळी लोक माझ्याकडे कागद घेऊन आले. करार छापून आलाय म्हणे. वाचून दाखव म्हणाले, तुला भाषा येते. वाचला मी. शब्द नव्हता. खाली बारीक अक्षरात तीन तळटिपा होत्या. त्यांनी विचारलं, तिसरी काय म्हणते? मी फार प्रयत्न केला, ताई. आमच्या भाषेत ते वाक्य उभंच राहत नाही. शेवटी मी सांगितलं, एका देशाला काहीतरी म्हणायचं आहे, ते तो नंतर म्हणेल. एक म्हातारा म्हणाला, नंतर म्हणजे कधी? बस सुटल्यावर?"

तिने समोरचं पान उलटं ठेवलं.

"तुमचंच ना ते? सहा वर्षं तुमची वाक्यं मी इकडची तिकडे केली. ओळखणार नाही का?"

"मास्तरीणबाई, मी..."

"असू द्या. मी रागवायला फोन नाही केला. मला एकच विचारायचंय आणि तुम्ही सरळ सांगा. तुमच्याकडे कागद येतात, तुम्हाला कळतं. पलीकडे यादी अजून आहे का? त्या याद्या जाळल्या असं इथले अधिकारी सांगताहेत. चढू का बसमध्ये?"

याद्या जाळल्या नव्हत्या. नदीपलीकडच्या दूतावासाचा अहवाल तिच्या खणात होता, आठ दिवसांपूर्वीचा.

"सध्याची परिस्थिती पाहता..." तिने सुरुवात केली.

"ताई. चढू का नको?"

"नको," ती म्हणाली. "चढू नका. यादी आहे. तुमचं नाव आहे. पोरीला घेऊन मागे जा, काहीही करा, पण चढू नका."

पलीकडे कर्ण्यावर चौथ्या बसचे आकडे पुकारले गेले.

"बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या, "येतं की तुम्हाला." मग त्या म्हणाल्या, "पण आता 'नको' म्हणायला काही राहिलं नाही ना, ताई. शब्द होता तोवर म्हणता येत होतं. आज सकाळी चौघांनी म्हणून पाहिलं. त्यांना उचलून ठेवलं बसमध्ये." नात काहीतरी विचारत होती, त्या तिला त्यांच्या भाषेत काही म्हणाल्या. "बरं, ठेवते. पाचवी आली. हिला खिडकी हवीय."

तिने पुन्हा पुन्हा फोन लावला. तासाभराने तो लागायचाच बंद झाला. अठ्ठावीस तारखेला तिसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने मुलाखतीच्या नोंदीत त्या दोघींच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं, आणि पुढच्या महिन्यात पलीकडून मारल्या गेलेल्यांची जी नावं कळली त्यात मास्तरीणबाईंचं होतं. नातीचं कुठेच नव्हतं, ना इकडच्या कागदात ना तिकडच्या.

ते कळलं त्या संध्याकाळी नवरा मायदेशातल्या घराच्या चाव्यांचा जुडगा घेऊन बसला होता. कुठली चावी कुठल्या कपाटाची, ते चिठ्ठ्यांवर लिहीत होता. ती कोट न काढताच समोर बसली.

"मास्तरीणबाई गेल्या," ती म्हणाली.

त्याने चाव्या खाली ठेवल्या. "अरे देवा. पण तू तर मोडलं होतंस. मग कसं...?"

"नव्हतं मोडलं."

"म्हणजे?"

"कारकुनाने फोन केला होता. बाराला सात मिनिटं होती. त्याने विचारलं, मोडायचं का? दोनदा विचारलं. मला फक्त हो म्हणायचं होतं. मी गप्प बसले. तो वाट पाहत होता आणि मी गप्प बसले."

नवरा तिच्याकडे पाहत राहिला. या माणसाला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचायचं, आजारपणात, अपमानात, वडील गेले तेव्हासुद्धा सुचलं होतं.

"काहीतरी बोल," ती म्हणाली.

"मला तू हो म्हणालीस. त्या दिवशी दारात. मी विचारलं, मोडलंस का, तर हो म्हणालीस."

"हो."

"म्हणजे माझ्यापाशी 'हो' म्हणता आलं तुला."

तिने मान खाली घातली. बाहेर कुणाचीतरी मोटार मागे घेताना पीप पीप करत होती, ती थांबली. नवऱ्याने हातातली चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

"समुद्रकाठचं कळलं का?"

"होकार आला त्यांचा. पहिल्या तारखेला रुजू व्हायचंय."

"जाणार?"

"जाणार," ती म्हणाली.

तो उठला आणि चाव्या टेबलावर तशाच टाकून आतल्या खोलीत गेला. जाताना त्याने दार लावून घेतलं नाही, उघडंही ठेवलं नाही, अर्धवट लोटलं. ती कोट घालून तशीच बसून राहिली, आणि आतून तो कपाटातून आपले एकट्याचेच कपडे काढून वेगळ्या बॅगेत भरत असल्याचा आवाज येत राहिला.